उंदीर थांबवाल, तर प्रयोग कोणावर होतील?

प्रयोगशाळेतल्या प्राण्यांचा वापर बंद करा म्हणणाऱ्यांच्या बाजूला गेल्या तीन-चार वर्षांत चांगलेच बळ आले आहे. डिसेंबर २०२२मध्ये अमेरिकेने कायदा बदलून नव्या औषधांसाठी प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती उठवली. मार्च २०२३मध्ये भारत सरकारने २०१९च्या औषध-चाचणी नियमांत दुरुस्ती केली आणि मानवी पेशी, चिपवरचे अवयव, संगणकी प्रारूपे यांच्या पुराव्याला दार उघडले. एप्रिल २०२५मध्ये अमेरिकेच्या एनआयएच या संशोधनसंस्थेने प्राण्यांचा वापर कमी करण्याचे धोरण जाहीर केले. ही तीन पावले एका रांगेत मांडून निष्कर्ष काढला जातो की उंदीर हे साधनच आता कालबाह्य झाले आहे, आणि ते सर्वांत निरर्थक कुठे असेल तर ऑटिझमच्या संशोधनात. उंदराला भाषा नाही, शाळा नाही, समोरच्याच्या नजरेला नजर देणे नाही. त्याचे एखादे जनुक बिघडवून त्याच्यात ऑटिझम शोधायचा, ही निव्वळ सवयीने चाललेली क्रूरता आहे, असे हे म्हणणे. असे म्हणणाऱ्यांत प्राणिमित्र आहेत, काही वैज्ञानिक आहेत आणि वर्षानुवर्षे वाट पाहून थकलेले पालकही आहेत. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो धोरणात उतरला तर ज्या मुलांच्या नावाने हा वाद चालतो त्यांनाच त्याची किंमत मोजावी लागेल.

आधी त्या तीन पावलांबद्दल. सक्ती उठवणे म्हणजे बंदी घालणे नाही. अमेरिकेचा कायदा आणि आपल्याकडची दुरुस्ती, दोन्हींचा संबंध औषध माणसाला देण्याआधीच्या चाचण्यांशी आहे: ते विषारी आहे का, किती मात्रा सोसते, यकृताला अपाय करते का. मानवी यकृताच्या पेशींवर हे अधिक खात्रीने कळत असेल तर तिथेच तपासावे, उगाच प्राणी मारू नयेत. याला विरोध करायचे कारणच नाही. पण एखादे जनुक वाढत्या मेंदूत कोणते काम करते, कोणत्या वयात करते आणि ते बंद पडले तर काय होते, हा प्रश्न वेगळा आहे. औषधाच्या सुरक्षिततेविषयीचे धोरण उचलून मेंदूच्या मूलभूत संशोधनाला लावले जाते, तिथेच या युक्तिवादाचा पाया खचतो.

ऑटिझमचे नाते जनुकांशी आहे, हे सिद्ध केले ते माणसांवरच्या अभ्यासांनी. लिओ कॅनर यांनी १९४३मध्ये या मुलांचे पहिले तपशीलवार वर्णन केले, तेव्हापासून पुढची दोन-तीन दशके दोष आईच्या माथी मारला गेला. १९६७मध्ये ब्रुनो बेटेलहाइम यांच्या पुस्तकाने तर थंड, मायाहीन आई हेच कारण म्हणून जगभर रुजवले. १९७७मध्ये सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्यांचा अभ्यास करून दाखवले की एकसारख्या जुळ्यांत ऑटिझम दोघांनाही असण्याचे प्रमाण लक्षणीय आहे, त्यांनी पाहिलेल्या साध्या जुळ्यांच्या जोड्यांत मात्र तसे एकही उदाहरण सापडले नाही. तिथून आईवरचा आरोप शास्त्रात तरी ढासळला. (आपल्या घरांत तो अजून पुरता गेलेला नाही. आई नोकरीला जाते म्हणून, मोबाईल हातात दिला म्हणून, हे आजही सासरी-माहेरी ऐकवले जाते.) २०२०मध्ये पस्तीस हजारांहून अधिक लोकांच्या जनुकांची छाननी होऊन ऑटिझमशी जोडलेल्या १०२ जनुकांची यादी प्रसिद्ध झाली. मोठे काम होते ते. पण यादी म्हणजे नावे. त्यातले जनुक कोणत्या चेतापेशीत काम करते, जन्माआधी की तिसऱ्या वर्षी, त्याचे प्रथिन निम्मे झाले तर काय आणि दुप्पट झाले तर काय, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर रक्ताच्या नमुन्यातून मिळत नाही. जिवंत मुलाच्या मेंदूत जनुक बंद-चालू करून पाहणे अशक्य आहे आणि अशक्यच असले पाहिजे. उंदरात ते करता येते: एकच जनुक, एकाच प्रकारच्या पेशीत, ठरवलेल्या दिवशी. ज्या तंत्रामुळे हे साधले त्यासाठी कापेक्की, एव्हान्स आणि स्मिथीज यांना २००७चे नोबेल मिळाले. या संशोधनात उंदीर हवा तो एवढ्याचसाठी. प्रयोगशाळेत ऑटिझम असलेला उंदीर तयार झाला, असे मथळे ज्यांनी छापले आणि ज्या वैज्ञानिकांनी ते छापू दिले, त्यांनी या क्षेत्राचे नुकसान केले आहे. उंदरात ऑटिझम नसतो. त्याच्यात असते ते मुलाच्या जनुकासारखेच एक जनुक, आणि त्या जनुकाला प्रश्न विचारायची सोय.

त्या सोयीने काय हाती लागले याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण रेट सिंड्रोमचे आहे. हा आजार बहुतांशी मुलींना होतो. सहा ते अठरा महिन्यांपर्यंत मूल बरे वाढते, मग आलेले शब्द जातात, हातांचा उपयोग जातो आणि हात एकमेकांवर चोळत राहण्याची क्रिया सुरू होते. २०१३पासून त्याची गणना ऑटिझमच्या व्याख्येत होत नाही, तरी अनेक मुलींना सुरुवातीला ऑटिझमचेच निदान मिळालेले असते. १९९९मध्ये ह्यूस्टनच्या हुदा झोग्बी यांच्या प्रयोगशाळेने मेकपी-२ हे जनुक त्याला कारण असल्याचे दाखवले. २००७मध्ये एडिंबरोच्या एड्रियन बर्ड यांच्या गटाने पुढचा प्रश्न विचारला. त्यांनी उंदराच्या या जनुकात एक अडसर बसवला, टॅमॉक्सिफेन हे औषध टोचले की तो अडसर कापला जाऊन जनुक चालू होईल अशी रचना केली, आणि उंदीर आजारी पडेपर्यंत थांबले. उंदरांची चाल अडखळू लागली, अंगाला कंप सुटला, श्वास अनियमित झाला. निरोगी उंदीर शेपटीने उचलला की मागचे पाय फाकवतो. हे उंदीर पाय आवळून पोटाशी घेत. काही अगदी शेवटच्या अवस्थेला पोचले होते. मग औषधाचे टोचे हळूहळू देऊन जनुक चालू केले, आणि काही आठवड्यांत त्यांतले बहुतेक सावरले, चालू-फिरू लागले. तोवर साऱ्या वैद्यकाची समजूत अशी होती की बालपणी मेंदूची घडण एकदा चुकली की चुकली. त्या पेशी मेलेल्या नव्हत्या, प्रथिनाअभावी अडून राहिल्या होत्या, हे या प्रयोगाने दाखवले. मुलींच्या कितीही तपासण्या केल्या असत्या तरी हे कळले नसते. २०२३मध्ये रेटच्या रुग्णांवर जनुकोपचाराच्या पहिल्या चाचण्या सुरू झाल्या, त्यांच्यामागे हा एक प्रयोग उभा आहे.

त्याच प्रयोगातला दुसरा भाग फारसा सांगितला जात नाही, मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. जनुक एकदम, झटक्यात चालू केले तेव्हा निम्म्याहून अधिक उंदीर मेले. त्याआधी २००४मध्ये झोग्बी यांच्याच गटाने या प्रथिनाचे प्रमाण साधारण दुप्पट असलेले उंदीर तयार केले होते आणि तेही कालांतराने आजारी पडले होते. पुढच्याच वर्षी माणसांत तो आजार सापडला: ज्या मुलग्यांत हे जनुक दोनदा आले आहे त्यांना तीव्र मतिमंदत्व, फिट्स आणि वारंवार जंतुसंसर्ग. म्हणजे उंदराने माणसातला आजार एक वर्ष आधी दाखवला, आणि जनुकोपचार करणाऱ्यांना बजावले की कमी पडलेले भरून काढताना जास्तही होता कामा नये. उंदीर वगळून हा उपचार सुरू झाला असता तर ही गोष्ट पहिल्यांदा एखाद्या मुलीच्या मेंदूत कळली असती.

वयाचा प्रश्नही तसाच. एमआयटीच्या ग्वोपिंग फेंग यांच्या गटाने ऑटिझमशी जोडलेल्या शँक-३ या जनुकावर काम केले. हे जनुक बिघडलेले उंदीर स्वतःचे अंग इतके चाटत-खाजवत राहतात की कातडीला जखमा होतात. २०१६मध्ये त्यांनी वयात आलेल्या उंदरांत हे जनुक पुन्हा चालू केले. अंग चाटणे कमी झाले, दुसऱ्या उंदराजवळ जाणे सुधारले. भीती आणि हालचालींतला बेतालपणा मात्र गेला नाही. तेच जनुक पिल्लू वीस दिवसांचे असताना चालू केले तर त्या गोष्टीही सुधारल्या. ऑटिझमशीच जोडलेल्या सिनगॅप-१ या जनुकाबाबत गॅविन रंबॉ यांच्या प्रयोगशाळेने २०१२मध्ये दाखवले की ते निम्म्याने कमी असले की चेतापेशींमधले जोड वेळेआधीच पक्के होतात आणि शिकण्याची खिडकी लवकर मिटते. प्रौढपणी दुरुस्ती करून वागण्यात फरक पडला नाही. पुढे त्याच प्रयोगशाळेने वेगळ्या मोजमापांनी पुन्हा पाहिले तेव्हा प्रौढपणीही स्मृती आणि फिट्सशी संबंधित मेंदूलहरी सुधारत असल्याचे आढळले. २०१२च्या त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक जेम्स क्लेमेंट आज बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू विज्ञान संशोधन केंद्रात हेच जनुक उंदरांत अभ्यासतात. तीन जनुके, तीन वेगळी उत्तरे. हे कळणे पालकांच्या दृष्टीने फार मोलाचे आहे, कारण ‘लवकर उपचार’ हा सल्ला सगळ्यांना सरसकट दिला जातो, आणि कोणत्या मुलात कोणती वेळ निर्णायक आहे हे अजून थोड्याच जनुकांबाबत माहीत आहे.

आता विरोधकांचे सर्वांत भारी अस्त्र घेऊ. फ्रॅजाइल एक्स हा वारशाने येणाऱ्या बौद्धिक अक्षमतेचा आणि ऑटिझमचाही सर्वाधिक आढळणारा एक-जनुकी प्रकार. त्याचे जनुक १९९१मध्ये सापडले, ते बंद केलेला उंदीर १९९४मध्ये डच आणि बेल्जियन गटांनी तयार केला. २००४मध्ये मार्क बेअर आणि सहकाऱ्यांनी मांडले की एमग्लूआर-५ हा चेतापेशींवरचा ग्राही, म्हणजे संदेश पकडणारे प्रथिन, अति सक्रिय होतो आणि सारा बिघाड तिथून येतो. उंदरांत हा ग्राही दाबला की कितीतरी लक्षणे सुधारत. बंगळूरच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधनसंस्थेत सुमंत्र चटर्जी यांच्या गटानेही २०१०मध्ये भीतीशी निगडित अमिग्डला या भागात काही दोष असे उलटवता येतात हे दाखवले. मग नोव्हार्टिस आणि रोश या बड्या कंपन्यांनी औषधे माणसांवर तपासली आणि २०१४च्या सुमारास दोन्ही प्रयत्न सोडून द्यावे लागले. औषध आणि खोटी गोळी यांत फरक दिसला नाही. किती घरांनी त्या चाचण्यांकडे डोळे लावले होते! हे अपयश झाकण्यासारखे नाही आणि मी ते झाकत नाही. ‘रुग्ण बारा वर्षांवरचे होते, उशीर झाला’ हे समर्थनही पुरे पडत नाही, कारण पुढे तेच एक औषध तीन ते सहा वर्षांच्या आसपासच्या मुलांना भाषेच्या शिकवणीबरोबर देऊन पाहिले, तेव्हाही उपयोग झाला नाही.

पण या अपयशाने नेमके काय खोटे ठरवले? जनुक बंद पडले की मेंदूत प्रथिननिर्मितीचा तोल जातो, हे खोटे ठरले नाही. एकाच ग्राहीवर बोट ठेवले की सगळे सावरेल, ही आशा खोटी ठरली. काही दिवस औषध दिलेल्या उंदराच्या वागण्यावरून महिनोन्महिने औषध घेणाऱ्या माणसाबद्दल बोलणे खोटे ठरले. आणि हे कसे उलगडले? पुन्हा उंदरांतच. बेअर यांच्या गटाने नंतर औषध दीर्घकाळ देऊन पाहिले, तेव्हा मेंदू त्याला सरावतो आणि परिणाम ओसरतो असे आढळले. हा प्रयोग माणसांवरच्या चाचणीच्या आधी व्हायला हवा होता. झाला नाही, कारण घाई होती, पैसा होता आणि चांगली बातमी छापायची सवय होती. दोष इथे संशोधकांच्या उतावळेपणाचा आहे, आणि त्यावर इलाज अधिक काटेकोर प्रयोग हा आहे. माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेली नव्वद टक्के औषधे पुढे अयशस्वी होतात, हा आकडा उंदरांविरुद्ध नेहमी फेकला जातो. ती औषधे पेशींवरच्या चाचण्याही पार करून आलेली असतात. त्या न्यायाने काचेच्या बशीतल्या पेशीही फेकून द्याव्या लागतील. शिवाय जी रसायने प्राण्यांत घातक ठरून माणसापर्यंत आलीच नाहीत, ती या हिशेबात कुठेच नसतात. ऑटिझमपुरते बोलायचे तर अमेरिकेत या मुलांसाठी मान्यता मिळालेली दोन ठळक औषधे म्हणजे २००६चे रिस्पेरिडोन आणि २००९चे अ‍ॅरिपिप्राझोल. दोन्ही मुळात स्किझोफ्रेनियासाठी घडवलेली. चिडचिड कमी करतात, वजन वाढवतात, मूळ अडचणीला हात लावत नाहीत. उलट जनुकापासून सुरुवात करून थोडे का होईना हाती आले आहे. ट्यूबरस स्क्लेरोसिस या जनुकीय आजारातल्या फिट्ससाठी एव्हरोलिमसला २०१८मध्ये मान्यता मिळाली, जरी त्याच औषधाने मुलांची आकलनशक्ती सुधारेल ही उंदरांवरून बांधलेली अपेक्षा पुरी झाली नाही. रेटसाठी ट्रोफिनेटाइडला मार्च २०२३मध्ये मान्यता मिळाली. त्यामागे मृगांक सूर यांच्या गटाने २००९मध्ये उंदरांवर केलेले काम आहे. फायदा माफक आहे, जुलाबाचा त्रास मोठा आहे. तरी त्या आजारासाठी हे पहिलेच औषध होते.

उंदराच्या वागण्याच्या चाचण्यांबद्दल मात्र विरोधकांशी मी बराच सहमत आहे. नेहमीची चाचणी अशी: तीन कप्प्यांची पेटी, एका टोकाच्या कप्प्यात जाळीखाली अनोळखी उंदीर, दुसऱ्या टोकाला रिकामी जाळी किंवा एखादी वस्तू. मधल्या कप्प्यात सोडलेला उंदीर दहा मिनिटांत कुठे किती वेळ घालवतो ते मोजायचे. अनोळखी उंदराकडे गेला नाही तर तो सामाजिकदृष्ट्या उणा. पण उंदराचे सामाजिक जग वासावर चालते. न्यूरोलिजिन-३ हे ऑटिझमशी जोडलेले जनुक बंद केलेल्या उंदरांत गंध ओळखण्याचीच अडचण असल्याचे २००९मध्ये निघाले. मग तो दुसऱ्याकडे जात नाही तो सोबत नको म्हणून, की त्याला तिथे कोणी असल्याचे नीट कळतच नाही म्हणून? वाणाचाही फरक पडतो: बाल्ब-सी वाणाचा उंदीर कोणतेही जनुक न बिघडवता एकलकोंडा असतो, तर सी-५७ ब्लॅक-६ मनमिळाऊ. त्यामुळे एका वाणावर, फक्त नरांवर, एका पेटीतल्या दहा मिनिटांवर उभा केलेला निष्कर्ष मी मानत नाही आणि कोणी मानू नये. यासाठीच पुण्यात पाषाणच्या आयसर या विज्ञानसंस्थेतल्या निक्सन अब्राहम यांच्या गटासारखे काम मला मोलाचे वाटते. उंदीर वास कसा ओळखतो, दोन वासांतला फरक शिकायला त्याला किती वेळ लागतो, मेंदूच्या गंधकंदातल्या अवरोधक पेशी त्यात काय करतात, हे तिथे मिलिसेकंदांच्या हिशेबाने मोजले जाते. उंदराला त्याच्या स्वतःच्या इंद्रियांच्या भाषेत विचारलेला हा प्रश्न आहे. माणसाच्या लक्षणांची नक्कल त्याच्यात शोधण्यापेक्षा हा रस्ता लांबचा आहे, आणि खरा आहे.

मग पर्याय का नकोत? हवेत, जरूर हवेत. २०१३पासून मानवी मूळपेशींतून मेंदूच्या ऊतींचे छोटे गोळे वाढवता येतात, आणि ज्या जनुकांची माणसातली घडण उंदराहून वेगळी आहे तिथे ते उंदरापेक्षा उजवे ठरतात. पण त्या गोळ्याला रक्तवाहिन्या नाहीत, डोळे-कान नाहीत, झोप नाही, त्याला कशाची सवय लागत नाही. स्टॅनफर्डचे सर्जू पाश्का यांना टिमथी सिंड्रोम या ऑटिझमशी निगडित आजारात मानवी चेतापेशी नीट वाढताना पाहायच्या होत्या. त्यासाठी त्यांनी २०२२मध्ये ते मानवी गोळे उंदराच्याच कुळातल्या रॅटच्या पिल्लांच्या मेंदूत रुजवले. बशीत न दिसलेले दोष तिथे दिसले. प्राण्याला पर्याय म्हणून ज्याचा सर्वाधिक गाजावाजा होतो त्या तंत्रालाही पुरते बोलके व्हायला प्राणी लागला. संगणकाचेही तेच. आयसरमध्येच सुहिता नाडकर्णी यांचा गट चेतापेशींच्या जोडातली कॅल्शियमची ये-जा गणिताने मांडतो आणि प्रयोगात पकडता न येणाऱ्या गोष्टी त्यातून दिसतात. पण त्या गणितात घालायचे आकडे कुठून आले? मुख्यतः उंदीर आणि रॅट यांच्या मेंदूच्या कापांवरच्या मोजमापांतून. मोजायचे थांबले की प्रारूप जुन्याच आकड्यांत फिरत राहील.

क्रूरतेचा आक्षेप मी शेवटी ढकललेला नाही, पण त्याला आधी शास्त्राची बाजू लागत होती. उंदराला वेदना होतात, भीती वाटते. ते नाकारणारा माणूस या कामाला लायकच नाही. वर सांगितलेले रेटचे उंदीर आजारी पडेपर्यंत थांबणे याचा अर्थ काय, हे डोळे उघडे ठेवून बघावे लागते. शिवाय एक गोष्ट बाहेर फारशी बोलली जात नाही. हवी ती जनुकजोडी एका वेतातल्या पिल्लांपैकी निम्म्यांत, कधी पावच पिल्लांत उतरते. कानाचा इवलासा तुकडा घेऊन ते तपासतात आणि उरलेली पिल्ले बहुतेकदा मारली जातात. आपल्याकडे १९६०चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८चे नियम आहेत, प्रत्येक संस्थेत नैतिकता समिती आहे आणि तिच्यावर केंद्रीय समितीने नेमलेले प्रतिनिधी असतात. १९५९मध्ये रसेल आणि बर्च यांनी मांडलेली तीन तत्त्वे, म्हणजे शक्य तिथे पर्याय, कमीत कमी प्राणी, कमीत कमी त्रास, सगळ्यांना पाठ आहेत. पाठ असणे पुरेसे नाही. किती उंदीर वाढवले, किती वापरले, किती तसेच मारले, हे प्रत्येक संस्थेने दरवर्षी जाहीर केले पाहिजे. अयशस्वी प्रयोग प्रसिद्ध झाले पाहिजेत, नाहीतर तोच निष्फळ प्रयोग दुसऱ्या शहरात दुसऱ्या शेकडो उंदरांवर होतो. ज्या वाणाची सध्या गरज नाही तो पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढवत न ठेवता त्याचे भ्रूण गोठवून ठेवले पाहिजेत. प्राणिमित्रांनी या मागण्या लावून धरल्या तर मी त्यांच्या बाजूला उभा राहीन. सरसकट बंदीच्या मागणीमुळे नेमक्या याच मागण्या मागे पडतात.

याहून मला गंभीर वाटतो तो ऑटिझम असलेल्या प्रौढांचा आक्षेप. ते म्हणतात: आम्ही बिघडलेली यंत्रे नाही, आमची जनुके शोधण्यामागे आम्हाला जन्मालाच येऊ न देण्याचा बेत आहे. महाराष्ट्राने ही भीती हसण्यावारी नेऊ नये. गर्भलिंगचाचणीविरुद्ध देशातला पहिला कायदा याच राज्याला १९८८मध्ये करावा लागला. तंत्र हाती आले की आपला समाज त्याचे काय करतो, हे आपण पाहिलेले आहे. पण तो धोका येतो तो माणसांच्या जनुकतपासणीतून, आणि ती उंदीर बंद केल्याने थांबणार नाही. गर्भ पाडण्याचा सल्ला ज्या वाक्यावर उभा असतो ते वाक्य म्हणजे ‘यावर काही करता येत नाही’. मेकपी-२ आणि शँक-३च्या उंदरांनी त्या वाक्यालाच धक्का दिला. शिवाय बोलक्या, स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या माणसाला बदलण्यासाठी हे काम नाही. सिनगॅप-१चा दोष असलेल्या बहुसंख्य मुलांना फिट्स येतात, कित्येकांना शब्द येत नाहीत, रात्रीची झोप येत नाही. त्यांच्या फिट्स थांबवणे हा त्यांच्या वेगळेपणावरचा हल्ला ठरत नाही. संशोधनाने कशाला हात घालावा हे ठरवताना मात्र ऑटिझम असलेल्या माणसांना त्या टेबलावर जागा हवी, आणि आज ती जवळपास नाही.

पैशाचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. पिंजऱ्यांवरचा खर्च स्पीच थेरपिस्टकडे वळवा, असे म्हटले जाते. पुण्यासारख्या शहरातही थेरपीसाठी थांबावे लागते, शाळांत शॅडो टीचरचा खर्च पालकच उचलतात, तालुक्याच्या ठिकाणी तर निदानच होत नाही. २०१६च्या अपंग हक्क कायद्यात ऑटिझमचे नाव आहे, सोयी नाहीत. हे भांडण राज्याच्या अंदाजपत्रकाशी आहे. आयसरचे पिंजरे रिकामे झाले म्हणून जिल्हा रुग्णालयात एकही थेरपिस्ट वाढणार नाही.

प्राण्यांवरचे सावकाश, कंटाळवाणे काम वगळले की काय होते, हे आपल्या राज्यातल्या पालकांना वेगळे सांगायला नको. ऑटिझमवर मूळपेशींचे उपचार गेली कित्येक वर्षे विकले जात आहेत. कोणत्या जनुकावर, कोणत्या पेशीवर, किती मात्रेत ते काम करतात, याचे उत्तर विक्रेत्यांकडे नाही. मुलाला भूल देऊन पाठीच्या कण्यात सुई टोचली जाते आणि त्यापायी घरचे दागिने मोडले जातात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने डिसेंबर २०२२मध्ये सांगितले की ऑटिझमसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही आणि त्याचा प्रचार व्यावसायिक गैरवर्तन ठरेल. या व्यवहारात प्रयोग झालाच आहे. तो नोंदीशिवाय, तुलनेशिवाय, कोणत्याही समितीला न विचारता मुलांवर झाला.

पुण्यात करण्यासारखे नेमके काम समोर आहे. इथल्या जनुकतज्ज्ञांच्या ओपीडीतून आज अनेक कुटुंबे मुलाचा जनुकअहवाल घेऊन बाहेर पडतात आणि त्यातल्या कित्येक अहवालांवर शेरा असतो की बदल सापडला, त्याचा आजाराशी संबंध अनिश्चित. तुलनेसाठी जगात असलेली माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. दहा हजार भारतीयांच्या जनुकांचा ‘जीनोम इंडिया’चा साठा संशोधकांना जानेवारी २०२५मध्ये खुला झाला. जातीतल्या जातीत होणारी लग्ने आणि आपल्याकडे अजून चालत असलेली मामेबहीण-आतेभावाची लग्ने, यांमुळे आई आणि वडील दोघांकडून तोच दोष येण्याचे प्रकार इथे अधिक असणार, आणि ते बोस्टनच्या प्रयोगशाळेला आपणहून दिसणार नाहीत. असा एखादा बदल खरोखर मेंदूत काही करतो का, हे आधी पेशींत आणि मग, तिथे संशय पक्का झाला तरच, उंदरात तपासता येते. त्यासाठीची केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या पैशातून उभी राहिलेली राष्ट्रीय सुविधा पाषाणच्या आयसरमध्येच आहे, आणि तिच्या नावातच आरोग्य व रोगांतले जनुककार्य हा विषय आहे. गणेशखिंडीतल्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेकडे पेशींचे दशकांचे कौशल्य आहे. शहरातली रुग्णालये, या दोन संस्था आणि पालकांचे गट यांनी मिळून अनिश्चित शेऱ्यांची एक सामायिक यादी करावी, एकच बदल दोन-तीन असंबंधित घरांत दिसला तर तो आधी हाती घ्यावा, कोणता बदल उंदरापर्यंत न्यायचा हे ठरवणाऱ्या बैठकीत एक पालक आणि ऑटिझम असलेली एक प्रौढ व्यक्ती बसवावी, आणि उत्तर ‘काही संबंध नाही’ असे आले तरी ते त्या कुटुंबाला लेखी कळवावे.